कडी मिटायची पक्कड

१० नोव्हेंबर, रविवार

आज यांनी पक्कड फेकली. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण यांनी कधी काही आपटलेलं मी पाहिलं नव्हतं. आपटाआपटीचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. आज पहाटे मुंजाजीच्या उसाच्या बांधावर बसल्या बसल्या यांनी पक्कड भिरकावली. ती थेट सरीत जाऊन पडली आणि मग आम्ही दोघं वाकून चिखलात हात घालून शोधत बसलो.

मुंजाजीच्या उसात हिवाळाभर भिंगऱ्या, ही इवली पाखरं, मुक्कामाला असतात. दिवसा गोदावरीवर किडे टिपत फिरायचं आणि अंधार पडला की हजारोंनी उसात उतरायचं. पहाटे निघताना त्यातल्या काही बांधावरच्या बारीक जाळीत अडकतात. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी इथं कॅम्प टाकलेल्या राजेश्री मॅडम त्यांना सोडवून मी शिवलेल्या कापडी पिशव्यांत घालतात आणि पिशव्या यांच्याकडे येतात. हे भिंगरी मुठीत धरून तिच्या पायात नंबर कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालतात आणि पक्कडीने मिटतात. मी वहीत नंबर, वजन, पंखाची लांबी लिहिते. मग ती उडून जाते. पुढे कुठल्याही मुलखात कुणाला सापडली तर कळतं की ही गंगाखेडच्या उसात झोपलेली आहे. मॅडमच्या संस्थेनं दोन हिवाळे शिकवलं तेव्हा यांना हे काम करायची परवानगी मिळाली. हायस्कुलातले ड्रॉईंग सर म्हणून सगळा गाव ओळखतो, पण या परवानगीच्या कागदाइतकं कौतुक यांना कशाचंच नाही.

कडी मिटणं म्हणजे नाजूक काम. दोन्ही टोकं अशी भिडली पाहिजेत की वरून नख फिरवलं तर अडकू नये. फट राहिली तर तिच्यात दोरा, गवताची काडी अडकते आणि पाय जातो. टोकं एकमेकांवर चढली तर कडी पायात रुतते. आज यांच्याकडून लागोपाठ कड्या चढल्या. मॅडमनी त्या हळूच उघडून काढल्या, दुसऱ्या घातल्या. त्या जाळीकडे गेल्या आणि यांनी पक्कड फेकली.

"ढिली झालीय ही," हे म्हणाले. "कितीबी दाबा, तोंड जुळंना गेलंय."

मलाही पटलं. कॅम्पची पक्कड, दहा जणांच्या हातातून गेलेली. चांगली पक्कड आणायची हे मी मनावर घेतलं आहे. मी एकदा मनावर घेतलं की काय होतं हे आमच्या शाळेतल्या पोरांना विचारा.

१७ नोव्हेंबर, रविवार

परभणीला जाऊन आलो. हार्डवेअरच्या दुकानात पक्कड मागितली तर दुकानदारानं काउंटरवर ढीग ओतला.

"ताई, कशाला पायजे ते सांगा, मंग देतो."

"पाखराच्या पायात कडी घालायची हाय."

"कोंबडीच्या?"

"भिंगरीच्या."

त्यानं यांच्याकडे बघितलं. बायकोच्या डोक्यावर परिणाम झालेल्या नवऱ्याकडे बघावं तसं. "भिंगरीला कडी घालून काय करायलाव, सर?" म्हणाला. हे एरवी अशा प्रश्नाला अर्धा तास उत्तर देतात, आज नुसते "ऱ्हाऊ द्या" म्हणाले.

आम्हाला पाहिजे ती पक्कड तिथं नव्हतीच. तिच्या तोंडात कडीच्या मापाचं गोल भोक असावं लागतं. शेवटी एक नोजप्लायर घेतला आणि लेथवाल्याकडून त्याच्या तोंडात भोक पाडून घेतलं. त्यानं चहा संपायच्या आत काम करून दिलं.

स्टँडवर मी यांच्या मागून चालत होते. हे हल्ली उजवा हात अंगाला चिकटवून चालतात आणि पाय घासतात. चपला ढिल्या झाल्यात. उद्या नव्या आणते.

२४ नोव्हेंबर, रविवार

लेथवाल्याची पक्कड पहिल्या पाच मिनिटांत बाद झाली. मॅडमनी पर्समधून कापूस काढला, पक्कडीच्या भोकातून फिरवला. कापसाचे तंतू आत अडकले. "बघा ताई, कंगोरे आहेत. हे कडीला ओरखडे पाडणार आणि कडी पायाला." मग त्यांनी स्वतःची पक्कड दाखवली. भोकाची कड काचेसारखी गुळगुळीत. तोंड मिटून उजेडाला धरलं तर मधून उजेडाची रेघसुद्धा दिसत नाही. दाबली की एका रेषेत मिटते, डावी-उजवी होत नाही. अशी पक्कड बाहेरून मागवावी लागते म्हणाल्या. तोवर माझी वापरा, सर.

सरांनी वापरली. तीन कड्या चांगल्या बसल्या, चौथी चढली.

दुसऱ्याची वस्तू हाताला लागत नाही. माझ्या आईची पोळी माझ्या तव्यावर कधी फुगली नाही. मी मॅडमना तसं म्हणाले. मॅडम हसल्या, पण यांच्या हाताकडे बघत राहिल्या. मला ते आवडलं नाही.

मुंजाजी बांधावर येऊन उभा राहिला. "सर, काय घालायचं ते घालून घ्या. तोडीची तारीख आली की माज्या हातात काई न्हाई. कारखाना पाखरं बगून थांबत न्हाई."

"कवा येईल तोड?"

"फेब्रुवारी धरा. ऊस गेला की पाखरंबी गेली."

हे रिकाम्या पिशव्या गोळा करायला लागले.

६ डिसेंबर, शुक्रवार

दरवर्षी आजच्या दिवशी हायस्कूलच्या मोठ्या फळ्यावर बाबासाहेबांचं चित्र आणि खाली अभिवादनाची ओळ हे लिहितात. परगावचे लोक थांबून अक्षर बघून जातात. आज शाळा सुटल्यावर मी मुद्दाम वाकडी वाट करून गेले. चित्राच्या जागी छापील फोटो होता, चिकटवलेला. ओळ यांची होती. पहिला शब्द नेहमीसारखा ठसठशीत, मग बारीक, मग अजून बारीक, आणि शेवटचा शब्द मुंगीएवढा.

"खडू कसला दिलाय यांनी," मी म्हणाले. "नुसता भुसा."

हे फळ्याकडे बघत होते. "हां," म्हणाले. "खडू खराब हाय."

सकाळी दूध करपलं होतं, साऱ्या घरात वास होता, आणि हे गॅसजवळ उभे राहून पेपर वाचत होते. पूर्वी कुकरच्या डाळीत हिंग कमी पडला तरी दारातून ओळखायचे. मला झोप लागत नाहीये. का ते लिहायचं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

साक्षी पुण्याहून आली आहे. आज आमच्याबरोबर उसावर आली. भिंगऱ्या उठल्या तेव्हा लेक तोंड उघडं टाकून बघत बसली. सगळा ऊस एकदम उठून आभाळात गेल्यासारखं वाटतं, कितीदाही बघा. मग ती यांच्या शेजारी बसली आणि यांच्या हाताकडे बघत राहिली. यांनी दोन कड्या घातल्या आणि पक्कड मॅडमकडे दिली.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं, तुझ्या त्या ऑनलाईनवर बघ, चांगली पक्कड कुठं मिळते. पप्पांचं काम अडलंय.

"मम्मी, पक्कड नाही गं."

"मंग काय?"

"तुला खरंच दिसत नाहीये? पप्पा चहाचा कप दोन हातांनी धरतात. शर्टाची बटणं तू लावतेस. त्यांचा चेहरा बघ ना, हसतच नाहीत."

मी म्हणाले, तुझे पप्पा कधी हसत होते गं मोठ्यांदा. मी म्हणाले, सत्तावन्नाव्या वर्षी माणूस थकतो. मी म्हणाले, वर्षातून दोनदा येतेस आणि दोष काढतेस. बरंच काही म्हणाले. ती रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण टीव्हीचा आवाज वाढवला नाही, बंद केला.

संध्याकाळी तिनं पक्कड मागवली. आणि नांदेडच्या डॉक्टरची वेळ घेतली.

३० डिसेंबर, सोमवार

कंपवात.

डॉक्टरांनी यांना बोट नाकाला लावायला लावलं, खोलीत चालायला लावलं, कागदावर एक ओळ लिहायला लावली. यांनी आपलंच नाव पुन्हा पुन्हा लिहिलं, सिद्धोधन, सिद्धोधन, ओळ संपेपर्यंत. अक्षर बारीक होत गेलं. मी तो कागद बघितला आणि मला फळा आठवला. मी खडूला शिव्या दिल्या होत्या.

डॉक्टर चांगले होते. म्हणाले, गोळ्यांनी फरक पडेल, बरीच वर्षं बरी जातात. बरं होतं का, हे मी विचारलं. ते म्हणाले, बरं होत नाही.

येताना गाडीत खिडकीजवळ बसवलं. पूर्णेला गाडी थांबली, यांनी चहा घेतला नाही. सांडेल म्हणून घेतला नाही, हे मला आता कळतं. किती महिने यांनी किती चहा असा टाळला असेल.

परळीकडं तोंड करून गाडी निघाली तेव्हा म्हणाले, "मला उन्हाळ्यातच कळालं होतं. तू पक्कड पक्कड करायलीस, मला बरं वाटायचं. खरंच पक्कड असंल असं वाटायचं."

माझं काळीज फाटलं. दुसरे शब्द मला माहीत नाहीत.

५ जानेवारी, रविवार

उसावर गेलो नाही. गोळ्या सुरू झाल्यात, मळमळ होते. मी यांच्यासमोर हसते आणि मोरीत जाऊन तोंड धुते. हे म्हणतात, किती तोंड धुतीस, गोरी व्हशील.

९ जानेवारी, गुरुवार

पक्कड आली. साक्षीनं पाठवलेला खोका यांनी स्वतः उघडला. चिकटपट्टी स्वतः काढली. मी हात पुढे केला नाही, दाताखाली ओठ धरून बघत बसले.

काय वस्तू आहे. तोंड मिटून खिडकीकडं धरलं, उजेड नाही. भोकात कापूस फिरवला, तंतूसुद्धा अडकला नाही. तोंडात लहान-मोठी दोन भोकं, आणि दांड्यांच्या मधे छोटी स्प्रिंग, दाब सोडला की आपोआप उघडते. मॅडमनी दिलेल्या सरावाच्या बिननंबरी कड्या होत्या. आगकाडीवर घालून यांनी एक कडी मिटली. मी नख फिरवलं. अडकलं नाही. दुसरी मिटली. नाही अडकलं.

"हात बी बरा वाटायलाय," हे म्हणाले. "गोळी लागू पडायलीय."

मी म्हणाले, पक्कड चांगली आहे. हे म्हणाले, दोन्ही हाय.

१२ जानेवारी, रविवार

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

यांनी एकट्यानं सगळ्या कड्या घातल्या. सगळ्या. भिंगरीचं डोकं दोन बोटांमधे, पाय चिमटीत, कडी, एक दाब, कडी फिरवून दुसरा दाब. पूर्वीसारखं. मी प्रत्येक कडीवर नख फिरवलं, कारण आता आम्ही कामं वाटून घेतलीत, ते मिटतात आणि मी तपासते. एकदाही नख अडकलं नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, ही तर माझ्यापेक्षा चांगली बसली." मुंजाजीनं उसाचा करवा तोडून आणून दिला आणि हे बांधावर बसून दातानं सोलून खात होते.

एकच तक्रार केली. दांडी गुळगुळीत आहे, थंडीत घसरते.

एवढंच ना. माझे वडील सिताराम लाईनमन होते. आमच्या घरात कुठल्याही हत्याराला सायकलची ट्यूब गुंडाळल्याशिवाय ते घरचं होत नसे. पक्कड, पाना, हातोडा, आईची विळीसुद्धा. ट्यूब लांब कापायची, ताणून ताणून गुंडाळायची, टोक आत खोचायचं. मला डोळे मिटून येतं.

१८ जानेवारी, शनिवार

पक्कडीला ट्यूब गुंडाळली. हे लवकर झोपले होते. जुन्या सायकलची ट्यूब माळ्यावर होती, धुऊन घेतली. एक पदर घातला तर कमी वाटला, म्हणून दोन्ही दांड्यांना दुपदरी घातला, अगदी जोडापर्यंत, स्प्रिंगच्या खाली दाबून. वडिलांनी शाबासकी दिली असती. दाबून बघितली. छान गच्च लागते, हातात भरते. आता थंडी असो नाहीतर दव असो.

उद्या सकाळी बघतील तेव्हा काय म्हणतात ते बघायचंय.

१९ जानेवारी, रविवार

कसं लिहू.

दाट धुकं होतं. बांधावरून जाळीसुद्धा दिसत नव्हती. यांनी पक्कड हातात घेतली आणि म्हणाले, "हे कवा केलंस?" दोनदा दाबली. "हात बसतो गं हिच्यावर." खूश झाले. गोळी वेळेवर घेतली होती, हात हलत नव्हता. मी लिहून ठेवते, हात हलत नव्हता.

भिंगऱ्या खूप आल्या. धुक्यानं त्यांना जाळी दिसली नसावी. पिशव्यांवर पिशव्या. मी हातमोजे घातले होते, एका हातानं लिहीत होते, कडी नुसती डोळ्यांनी बघून बरोबर हाय म्हणत होते. मोजा काढून नख फिरवायचा आळस केला. यांचा हात एवढा छान चालला होता की तपासायचं काय, असं वाटलं.

मग मॅडम जाळीकडून आल्या. हातात एक भिंगरी. आम्हीच थोड्या वेळापूर्वी सोडलेली, धुक्यात फिरून परत जाळीत गेली होती. कडीत जाळीचा दोरा घुसला होता. ती त्या एका पायावर लटकून धडपडत राहिली होती. पाय मांडीपासून मोडला होता.

मॅडमनी कडीवर नख फिरवलं. मग कडी यांच्यासमोर धरली. केसाएवढी फट. मग पुढच्या पिशवीतली, यांनी नुकतीच मिटलेली कडी तपासली. तिलाही फट. सगळ्यांनाच असणार. कितीतरी उडून गेल्या होत्या.

भिंगरी यांनी मॅडमच्या हातातून घेतली. तळहातावर धरली. थोड्या वेळानं ती मेली.

मॅडमनी पक्कड उलटसुलट करून बघितली. धुक्यात उजेडाला धरून बघता येत नव्हतं, तोंडाची कड बोटानं चाचपली, भोकात कापूस फिरवला. "तोंड चांगलं आहे," हळू म्हणाल्या.

"पक्कडीला काई झालं न्हाई, मॅडम," हे म्हणाले. "माजा हात हाय. कंपवात हाय मला. आदीच सांगायला पायजे होतं." आणि पक्कड रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिली.

रस्त्यात मी म्हणाले, आजार आहे हो, तुमचा काय दोष. हाताचा काय दोष. आजार आहे. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. ते म्हणाले, "हां. हातच हाय."

२१ जानेवारी, मंगळवार

मॅडमनी काल आणि आज पहाटे परत जाळी लावली. आमच्या कड्यांच्या दोनच भिंगऱ्या सापडल्या, त्यांच्या कड्या त्यांनी नीट मिटल्या. फोनवर म्हणाल्या, "ताई, सरांना सांगा, एका दिवसावरून ठरवू नका. मार्चपर्यंत आहे मी. पुढच्या हिवाळ्यात आम्ही इथं नसणार, हा हंगाम शेवटचा. सरांना घेऊन या."

मी सांगितलं. हे म्हणाले, "बाकीच्या कुठं असतील?" मला वाटलं शाळेतल्या कुणाबद्दल विचारतायत. भिंगऱ्यांबद्दल होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

ड्रॉईंगचे ब्रश, निबा, रंगाच्या बाटल्या यांनी शाळेत नेऊन दिल्या. म्हणे पोरं वापरतील. गोळ्या मी हातावर ठेवल्या तरच घेतात. विचारलं तर म्हणतात, कशासाठी घ्यायच्या. चहा आता दोन हातांनी सगळ्यांसमोर पितात, लपवत नाहीत. लपवत होते तेव्हा बरं होतं, असं मला वाटतं. वाईट वाटून घ्यायचा अधिकार असेल तर तो त्यांचा, तरी मला वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मुंजाजीचा ऊस तुटायला लागला. त्यानं फोन केला होता, सरांना शेवटचं बघायचं तर घेऊन या म्हणाला. हे आले नाहीत. मी एकटी गेले. तोडीवाल्यांच्या कोयत्यांचा आवाज येत होता, अर्धं रान उघडं पडलं होतं.

"सर कामून आले न्हाईत?" मुंजाजीनं विचारलं.

"हात दुखायलाय."

"पाखरं पलीकडं गेली, नदीच्या कडंच्या उसात. बाई, सर तिकडं बी बसू शकतेत. मी त्या मालकाला बोलतो."

मी घरी येऊन सांगितलं. हे भिंतीकडं तोंड करून झोपले होते, झोपलेले नव्हते.

३० मार्च, रविवार

मॅडमचा सकाळी फोन आला. कॅम्प आवरला, उद्या निघतायत. नांदेडकडे एक मुलगी नव्यानं शिकतेय, सरांची पक्कड पडून असेल तर तिला द्याल का. यांना विचारलं. "दे की," म्हणाले. "चांगली वस्तू हाय, वापरात ऱ्हावी."

द्यायची तर नीट द्यावी म्हणून मी ट्यूब काढायला बसले. परक्या मुलीला आपलं रबर कशाला. सुटता सुटेना, वडिलांची गुंडाळणी आहे. ब्लेडनं कापली. जोडापाशी आले तेव्हा बघितलं, तिथं दोन्ही दांड्या एकमेकींच्या अगदी जवळ येतात, आणि तिथलं रबर दोन्हीकडून चेपून चकचकीत झालं होतं. दोन पदर दांड्यांच्या मधे सापडत होते. पक्कड पूर्ण मिटायच्या आधीच रबर अडत होतं, आणि हाताला वाटत होतं की मिटली.

सरावाच्या कड्या होत्या डब्यात. आगकाडीवर एक मिटली, ट्यूब काढलेल्या पक्कडीनं. नख अडकलं नाही. मग ट्यूबचा तुकडा जोडात तसाच धरून दुसरी मिटली. जीव लावून दाबली. फट राहिली. केसाएवढी.

माझा हात काही कापत नाही.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि किती वेळ बसले माहीत नाही. आयुष्यभर मी वस्तूंना नावं ठेवली. खडूला, चपलांना, कॅम्पच्या पक्कडीला, मॅडमच्या पक्कडीला. सगळ्या निर्दोष होत्या. आणि ज्या एका दिवशी खोट वस्तूत होती, माझ्या हातानं घातलेली, त्या दिवशी मी रस्ताभर यांना सांगत आले की हात आहे, हात आहे.

मॅडमना खोटं सांगितलं की पक्कड सापडत नाही.

६ एप्रिल, रविवार

सांगितलं नाही. सांगून काय होणार, असं सकाळी वाटतं. न सांगता मी कशी जगणार, असं संध्याकाळी वाटतं. आभाळात भिंगऱ्या नाहीत. गेल्या त्यांच्या देशाला, फट असलेल्याही, जगल्या असतील तर. परवा नांदेडला डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण वाढवलं. पुढच्या हिवाळ्यात हात कसा असेल म्हणून मी विचारलं, ते म्हणाले, आत्ताच सांगता येत नाही.

वस्तीतली मंडळी आली होती, जयंतीचा कापडी फलक सरांच्या अक्षरात पाहिजे म्हणून. दरवर्षीचा मान आहे यांचा. "फ्लेक्स करून घ्या," हे म्हणाले. "माजा हात गेला." ते कुणाला सांगताना मी पहिल्यांदा ऐकलं. हात गेला.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी विहारात वंदना झाली. पांढऱ्या शर्टाची बटणं मी लावली. चौकात फ्लेक्स होता, त्यावरचं छापील अक्षर यांनी एकदा बघितलं आणि पुन्हा तिकडं मान वळवली नाही.

दुपारी घरी आल्यावर मी यांच्यासमोर ताटलीत सगळं मांडलं. पक्कड, कापलेल्या ट्यूबच्या पट्ट्या, दोन आगकाड्या आणि त्यांच्यावरच्या दोन कड्या. आणि सांगितलं. हातमोज्याचंही सांगितलं. काही गाळलं नाही.

यांनी एक कडी उचलून खिडकीकडं धरली. मग दुसरी. मग पट्टीवरचा चेपलेला चकचकीत भाग अंगठ्यानं चाचपला. चेहऱ्यावर हल्ली काही उमटत नाही, आजारच तसा आहे, त्यामुळं मला कळेना की आता काय होणार. मी वाट बघत बसले.

"म्हंजे त्या दिवशी माजा हात बरोबर होता."

"होता."

"मंग मी तोड होईपर्यंत घातल्या असत्या की गं. मॅडम मार्चपर्यंत होत्या. नदीच्या कडंला घातल्या असत्या."

रागानं म्हणाले असते तर सोपं होतं. एसटी निघून गेल्यावर माणूस फलाटावर उभा राहून म्हणतो तसं म्हणाले. मी तिथंच ताटलीवर डोकं टेकून रडले. सगळे हुंदके बाहेर काढले, चार महिन्यांचे. यांनी डोक्यावर हात ठेवला. हात कापत होता, माझ्या केसांत मला कळत होतं.

"ती भिंगरी माझ्या हातानं मेली," मी म्हणाले. "तुमच्या न्हाई."

यांनी ताटलीतली पक्कड उचलली. म्हणाले, "परत सांग."

"काय सांगू?"

"त्या दिवसाचं. मी पक्कड हातात घेतली तिथून."

मी डोळे पुसले आणि सांगितलं. धुकं होतं. तुम्ही पक्कड घेतलीत, दोनदा दाबलीत, म्हणालात हात बसतो हिच्यावर. पहिली पिशवी आली. तुम्ही भिंगरीचं डोकं दोन बोटांत धरलंत, पाय चिमटीत घेतलात.

"हात हालला का?"

"अजिबात न्हाई हालला."

"आन दाबली कशी?"

"एका दमात. मग फिरवून दुसऱ्यांदा."

"हां," हे म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. बाहेर मिरवणुकीची तयारी चालली होती, ढोलवाले ढोल तापवत होते. पक्कड यांनी मांडीवर घेतली होती, उघडत होते, मिटत होते. स्प्रिंगचा बारीक आवाज येत होता.

"परत सांग."

मी परत पहिल्यापासून सांगितलं.